श्वानपालन : अंजूर पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका भिवंडी तालुक्यातल्या, खाडीकाठच्या सर्व होतकरू श्वानपालकांसाठी आहे. ज्यांनी भातशेतीवर भराव टाकून गोडाऊन उभे केले, गोडाऊनच्या भाड्यातून बंगला बांधला, बंगल्याच्या गेटवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली आणि मग ज्यांच्या लक्षात आले की कुत्रा आणायचा राहिलाच, त्यांनी ती विशेष काळजीपूर्वक वाचावी.

अंजूर म्हणजे अंजूरफाटा नव्हे, हे आधी नोंदवून ठेवतो. फाट्यावर ट्रॅफिक आहे, गावाला इतिहास आहे. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांचे दार ठोठावणारे गंगाजी नाईक इथले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यामागे या माणसाची कित्येक वर्षांची खटपट होती. अशा गावात कुत्राही काही विचार करूनच पाळला जातो.

उदाहरणादाखल यात आमचा दादूस वारंवार येईल. दादूस म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याची परवानगी घेतलेली नाही, कारण तो वाचत नाही.

नियम पहिला. कुत्रा बर्फाळ देशातलाच निवडावा.

सायबेरियात हस्की बर्फावरून गाडी ओढतो. अंजुरात बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत असतो. पण दादूसने शेजारच्या गावातल्या एका बंगल्यात हस्की पाहिला, आणि विषय संपला. निळे डोळे, लांडग्यासारखे तोंड, फॉर्च्युनरच्या मागच्या काचेतून उठून दिसतो. मी म्हटले, “दादूस, आपल्याकडं या कुत्र्याचा जीव जाईल.” तो म्हणाला, “यो कुतरा नाय, हस्की हाय.”

आता गंमत बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातला आणि श्वासनलिकेतला ओलावा उडून जातो, तेव्हा त्याचे अंग थंड होते. मे महिन्यात खाडीवरची हवा आधीच इतकी ओली असते की तो ओलावा उडायला जागाच नसते. त्यातून हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर. पहाटेच फिरवून आणावे. दिवसा न्यायची वेळ आलीच तर हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहावी; आपल्याला सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही नको. केस भादरू नयेत, ते उन्हापासूनही त्याला राखतात. कुत्र्याचे अंग मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून घाबरू नये. पण जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटताहेत आणि थर्मामीटर १०४ च्या वर, तर नळाचे साधे पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतावे, पंखा लावावा आणि गाडी काढावी. बर्फाचे पाणी नको. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही, खालची वाफ आतच कोंडते.

दादूसच्या हस्कीला एसीची स्वतंत्र खोली आहे. आमच्या काकीला नाही.

नियम दुसरा. नाव इंग्रजी ठेवावे आणि त्याच्याशी इंग्रजीतच बोलावे. टायसन, ब्रुनो, रॉकी यांतून निवड करावी. दादूसच्या घरात सगळे एकमेकांशी आगरी बोलतात, बँकेच्या माणसाशी हिंदी, आणि ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ हे तीन शब्द एकट्या टायसनसाठी राखून ठेवले आहेत. टायसन त्यातला एकही ऐकत नाही. काकीने स्वयंपाकघरातून “ये रं बाला” म्हटले की मात्र धावत जातो.

नियम तिसरा. पिल्लू शक्य तितके लहान घ्यावे, म्हणजे ते फोटोत मुठीत मावते. २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. विकणारा सांगतो, “पंचेचाळीस दिवसांचे आहे, लस झाली आहे.” लसीचे कार्ड मागितले की ते घरी राहिलेले असते.

अशा पिल्लाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ती हगवण लागते. तो पार्वो. आईपासून लवकर तोडलेले, लस न झालेले पिल्लू त्यात दोन दिवसांत जाते, आणि माणसे म्हणतात की नजर लागली. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, एवढा साधा हिशोब आहे. त्याच घरात दुसरे पिल्लू लगेच आणू नये. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलने तो मरत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याने मरतो.

नियम चौथा. साखळी आखूड असावी, म्हणजे कुत्रा तापट होतो आणि राखण चांगली करतो, असा समज आहे. कुत्रा तापट होतो हे खरे. राखण तो साखळीच्या लांबीइतकीच करतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये. एवढ्यात आज फाट्यावर वडापाव आणि कटिंग येते. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी कुत्रा फिरवील ही आशा सोडावी.

माझी खरी तक्रार इथे आहे. दादूसला जनावर कळत नाही असे मुळीच नाही. त्याच्याकडे शर्यतीचे बैल आहेत. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी दिली. मधली सगळी वर्षे त्याने बैल नुसते सांभाळले. शेणाकडे एकदा पाहून तो बैलाचे पोट कसे आहे ते सांगतो. खूर कधी साळायचे, कोणत्या बैलाला रात्री पंखा लागतो, कोण परक्याच्या हातचे पाणी पीत नाही, सगळे तोंडपाठ. तोच माणूस टायसनची शी नोकराला काढायला लावतो आणि वळूनही पाहत नाही. अरे, तेच शास्त्र आहे! काळी डांबरासारखी असेल तर आत रक्तस्राव, शेंबडासारखी असेल तर आतड्याला सूज, तांदळाच्या दाण्यांसारखे काही वळवळत असेल तर जंत. बैलाचे कळते ते कुत्र्याला लावायला काय पैसे पडतात? पण बैल हा घरचा आणि हस्की हा विकत आणलेला. विकत आणलेल्या वस्तूची देखभाल कंपनीने करायची असते.

नियम पाचवा. आहार.

आमच्याकडे हळदीच्या रात्री जेवढे मटण शिजते तेवढ्यात एखाद्या गावाचा आठवडा निघेल. पहाटे डीजे थांबला की पत्रावळीतली हाडे गोळा करून “त्यालाही हौस” म्हणून कुत्र्यापुढे टाकतात. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार चिपा घशात नाही तर आतड्यात रुततात. रश्शातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तोंडभर खाल्ला म्हणून लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रा पांढरा पडतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, साखर नसलेले च्युइंगगम हेही विष. भात, उकडलेले अंडे, मीठ-मसाला न घातलेली, काटे काढलेली मासळी चालते. काटे काढायला वेळ लागतो. म्हणूनच टायसन काकीचा कुत्रा आहे आणि दादूस त्याचा फक्त मालक.

डीजेबद्दल एक ओळ: त्या रात्री कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवावे, जमल्यास वऱ्हाड्यांनाही.

नियम सहावा. औषधोपचार गॅरेजमधून करावा.

भिवंडी परिसरात दवाखान्यांपेक्षा ट्रकची गॅरेजे जास्त दिसतात, त्यामुळे खरूज झालेल्या कुत्र्याला जळके ऑईल फासणे हा सर्वांत सुलभ उपचार आहे. कुत्रा ते चाटतो. ते पोटात जाते, कातडीतूनही मुरते, आणि खरूज गेली नाही तरी कुत्रा जातो, म्हणून उपचार यशस्वी मानला जातो. खरजेचे किडे डॉक्टरच्या गोळीने किंवा इंजेक्शनने मरतात. गोचिडांवर रॉकेल ओतणारेही आहेत. पावसाळ्यात कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी रोज बोट फिरवावे. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये. गोचिडांमुळे येणारा ताप कपटी असतो. कुत्रा एक दिवस जेवत नाही, दुसऱ्या दिवशी थोडे खातो, आपण निर्धास्त होतो, आणि मग नाकातून रक्त. जेवण सोडले की रक्त तपासावे. वाट पाहू नये.

गोडाऊन तिथे उंदीर. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टो येतो. कुत्र्याचे मूत्रपिंड आणि यकृत धरतो, माणसालाही सोडत नाही. ‘सेव्हन-इन-वन’, ‘नाइन-इन-वन’ म्हणून जी लस टोचतात तीत लेप्टो असतो. पावसाच्या आधी टोचून घ्यावी. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या कुत्र्याच्या तोंडाला येणार नाहीत असे पाहावे. हे मी हमालांना सांगितले, त्यांनी ऐकले. गाळ्याच्या मालकाला सांगितले, तो म्हणाला, बघू.

नियम सातवा. कुत्रा चावल्यावर सात विहिरींत डोकवावे, असा जुना तोडगा सांगणारे अजून भेटतात. आमच्याकडच्या विहिरी भरावाखाली गेल्या, त्यामुळे हा उपचार आपोआप बंद पडला. विकासाचा एवढा फायदा मान्य केला पाहिजे. जखमेवर मिरची, चुना, हळद काही भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळात पाहून १५ मिनिटे धुवावे. हे कंटाळवाणे काम जीव वाचवते. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच इतिहासजमा झाली. आता दंडात घेतात, स्नायूत दिली तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि पहिला दिवस शून्य धरतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते मागून घ्यावे. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. या नियमात विनोद नाही.

नियम आठवा. गावातले कुत्रे जास्त झाले की पोत्यात भरून पलीकडच्या गावात सोडावेत. पलीकडचे लोकही हुशार असल्याने ते त्यांचे आपल्याकडे सोडतात. संख्या तेवढीच राहते, फक्त जे ओळखीने शेपूट हलवायचे ते जाऊन अनोळखी, बिथरलेले येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि लस करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायला सांगितले आहे, आणि ते काम स्थानिक संस्थेवर टाकले आहे. कानाचा कोपरा कापलेला कुत्रा दिसला की त्याचे हे सगळे झाले आहे असे समजावे. मारून टाकण्याचा उपाय मुंबईने केव्हाच करून पाहिला. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रजांनी बेवारस कुत्रे मारायला माणसे पाठवली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, कोटात दंगल झाली आणि बाजार बंद पडला. कुत्रे मुंबईत अजून आहेत. उलट गोव्यात २०१३ पासून दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये रेबीज आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. जाळी, सुया आणि चिकाटी एवढीच सामग्री लागते. पहिल्या दोन आमच्याकडे मिळतील.

गोडाऊनच्या गेटवरच्या कुत्र्यांसाठी एकच सूचना, आणि ती ड्रायव्हरांना. पावसात पिल्ले ट्रेलरखाली, गरम टायरला चिकटून झोपतात. चावी फिरवण्याआधी टायरवर दोन लाथा घालाव्यात, हॉर्न द्यावा, थांबावे. दादूसच्या गेटवर तो स्वतः हे करायला लावतो. चौकीदार बिहारचा आहे, तो आपल्या रोटीतली अर्धी तिथल्या काळ्या कुत्रीला देतो. आणि बाकीचे कोण देते हे दादूसने कोणाला सांगू नये असे म्हटले असल्याने मी सांगत नाही. त्या कुत्रीला ऊन तेवढे बाधत नाही, तिला एसी लागत नाही. रात्री अनोळखी माणूस आला तर गेटवर भुंकते ती. टायसन तेव्हा एसीत झोपलेला असतो.

भाद्रपदात जे व्हायचे ते झाले, आणि कार्तिकात काळीने चार पिल्ले घातली. दूध तुटले की तिचे ऑपरेशन करायचे ठरले आहे, खर्च दादूस देतोय. पिल्लांना पहिली लस टोचून झाली आहे आणि कार्ड घरी राहिलेले नाही, माझ्या खिशात आहे. कोणाला हवे असेल तर आठ आठवडे पुरे झाल्यावर गेटवर येऊन विचारावे. वंशावळीचे कागद मिळणार नाहीत, पैसे घेणार नाही. दोन नर आहेत, दोन माद्या. नर सगळेच मागतात, तेव्हा मादी नेणाऱ्याला आधी.