बारा गावचं पाणी न प्यालेले मामा

"खाण्यात एवढं काय आहे?" असं म्हणणारी माणसं एका पंगतीत बसतात आणि "ह्यात काय काय आहे?" असं विचारणारे आमचे मामा दुसऱ्या. त्या दुसऱ्या पंगतीत बहुतेक वेळा मामा एकटेच असतात, कारण बाकीच्यांचे तोवर हात धुऊन झालेले असतात.

मामा अन्न टाकतात असं मात्र कोणी म्हणू नये. टाकायला आधी ते ताटात घ्यावं लागतं. मामांकडं पदार्थ ताटापर्यंत पोचायच्या आतच त्याची चौकशी होते. कोणी केलं, कधी केलं, तेल कोणतं, भांडं कोणतं, फोडणीत मोहरी आधी पडली की जिरं. सगळी उत्तरं समाधानकारक आली तरी मामा ताटावर आडवा हात धरतात आणि म्हणतात, "छान झालं असणार. राहू द्या." लग्नात वाढपी त्यांना चुकवून पुढं सरकतात. आचारी मात्र मामांना वचकून असतो आणि मनातून खूशही असतो, कारण अख्ख्या मांडवात त्याच्या कामाची इतक्या खोलात जाऊन विचारपूस करणारा तो एकच माणूस.

मामांचं गाव ठाणाकुशनूर. बीदर जिल्ह्यात, औरादच्या बाजूला. बाजाराला भालकी जवळ, सोयरिकीला उदगीर. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे पडले, बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि या पट्ट्यातल्या माणसाला भाषा हौसेनं नव्हे, गरजेनं शिकाव्या लागल्या. घरात मराठी, एसटीच्या पाटीवर कानडी, बाजारात दखनी आणि नारायणखेडकडून पाहुणे आले की मोडकीतोडकी तेलुगू. गावातले लोक या चार भाषांत व्यवहार करतात, भांडतात, लग्नं जुळवतात. मामांनी प्रत्येक भाषेतला एकेक शब्द घोटून पक्का केला. मराठीत नको, कानडीत बेडा, दखनीत नक्को, तेलुगूत वद्दु. त्यांचं एवढ्यावर आयुष्यभर भागलं.

घरच्या जेवणाचे नियम मामीला पाठ आहेत. ज्वारी मालदांडीच. चटणी करडीच्या तेलातच. भाकरी तव्यावरून थेट ताटात. मध्ये टोपली आली की तिचा मान गेला. तूरडाळ कलबुर्गीचीच. २०१९ मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा मामा पेपर घडी घालत म्हणाले, "मी जन्मभर सांगलालो. दिल्लीवाल्यांना आता कळलं."

आणि येळवस! मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या भागात गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, डेऱ्यातली आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून जेवायला बसवायची रीत. मामा सकाळी निघतात, सगळी शिवारं फिरतात आणि संध्याकाळी घरी येऊन मामीच्या हातचं जेवतात. पण कुणाच्या भज्जीत औंदा हरभऱ्याचा पाला कमी पडला, कुणाची आंबील एक रात्र जास्त मुरली, कुणाच्या सुनेनं उंड्यांत हळद वाढवली, हे सगळं त्यांनाच ठाऊक. बारा ठिकाणी जेवून आलेल्यांना विचारा, ते पोटावर हात फिरवत एवढंच म्हणतील, "ब्येस होतं."

असा माणूस जपानला यायला निघाला. मी तोक्योत निशी-कासाई भागात राहतो. एदोगावा वॉर्डातल्या या वस्तीत इतके भारतीय आहेत, की २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभेवर पुराणिक आडनावाचा आपला मराठी माणूस, योगेंद्र पुराणिक, निवडून आला. मी फोनवर हे सांगितलं, तर मामांनी पहिला प्रश्न केला, "मग गावजेवण घातला का नाही?"

मामी म्हणाली, "तिथं तुम्ही काय खाणार?"

मामा म्हणाले, "बघू तर खरं, काय काय खायचं नाही ते."

सामान बांधलं गेलं. जपानात ताजी भाजी-फळं तपासणीच्या कागदाशिवाय नेता येत नाहीत, म्हणून हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर यांचा निरोप हैदराबादच्या विमानतळावर झाला. कडक भाकऱ्या मात्र चालल्या. वाळवलेली, पापडासारखी मोडणारी ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. त्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, येसर आणि मेतकूट. विमानात मामांनी जैन जेवण मागवलं होतं, कारण सगळ्यांत जास्त गोष्टी त्यातच वर्ज्य असतात असं त्यांना कळलं होतं. ते आल्यावर त्यांनी तोंडी लावायला कांदा मागितला.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हती. मामा जपानी शिकून आले होते. गावातल्या एका पोरानं मोबाइलवर धडे लावून दिले होते आणि मामांनी वही घातली होती. जपानी वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढं क, स, त, न अशा ओळी लागतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला, हे कळल्यावर मामांची भीड चेपली. "अंकलिपी आपलीच हाय," ते म्हणाले. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रश्न विचारायचा तर त्याहून शेवटी 'का'. ज्यानं कानडी आणि मराठी एका जिभेवर नांदवली, त्याला हे काय जड? पण वहीत "स्टेशन कुठं आहे" नव्हतं, "किंमत किती" नव्हतं, "धन्यवाद" शेवटच्या पानावर होतं. पहिल्या पानापासून एकच विषय होता. कोरे वा नान देसु का, म्हणजे हे काय आहे. नानि गा हाइत्ते इमासु का, म्हणजे यात काय घातलंय. खाली शब्द होते. निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, तामागो म्हणजे अंडं.

पहिल्याच दुपारी मी त्यांना सोबाच्या दुकानात नेलं. बकव्हीटच्या शेवया, गार, बांबूच्या चटईवर, शेजारी बुडवायला काळसर पाणी. शाकाहारी माणसाला इतकं निरुपद्रवी ताट तोक्योत दुसरं नाही, असं आम्ही इथली पोरं एकमेकांना सांगत आलो. मामांनी वही काढली. दुकानदार वयस्क होता, गिऱ्हाईक थोडं होतं. मामांनी त्या पाण्याकडं बोट दाखवून विचारलं. तो म्हणाला, "दाशी." मामांनी दाशीत काय ते विचारलं. तो आत गेला आणि लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी घेऊन बाहेर आला. ते कात्सुओबुशी होतं. मासा उकडून, धुरी देऊन इतका वाळवतात की तो खणखणीत वाजतो. मग रंधा मारून त्याचा कीस काढतात आणि त्याचं पाणी जपानी स्वयंपाकात जवळजवळ सगळीकडं असतं. शेवयांच्या बुडवणीत, मिसो सूपमध्ये, भजीसारख्या तेम्पुराच्या चटणीपाण्यात. त्या आजोबांनी मामांना रंधा मारून दाखवला. मामांनी वास घेतला, चार बोटं लांब होऊन नमस्कार केला आणि ते पाणी माझ्याकडं सरकवलं. कोऱ्या शेवया मात्र त्यांनी येसर भुरभुरून खाल्ल्या. आजोबांनी येसराची चिमूट चाखली आणि विचारलं, "कोरे वा नान देसु का?" जपानातल्या माणसानं आपलंच वाक्य आपल्याला विचारलं, याचा मामांना झालेला आनंद सांगता येत नाही.

दुकानातल्या पुड्यांवर चित्रलिपी. मामांनी खुणा ठरवल्या. चौकटीत माणसं कोंबल्यासारखं अक्षर म्हणजे मांस. खाली चार ठिपके असले की मासा. मग त्यांनी चार ठिपकेवालं जे जे दिसेल ते ते वर्ज्य केलं. काळे तीळ गेले, कारण 'काळा' या अक्षरालाही चार ठिपके. सोयाबीनच्या पाकिटांवर, सॉसच्या बाटल्यांवर "यात बाहेरचं काही घातलेलं नाही" असं अभिमानानं छापलेलं असतं. त्यातल्या 'नाही' या अक्षरालाही खाली चार ठिपके. तेही गेलं. जन्मभर नाही म्हणत आलेल्या माणसानं जपानात 'नाही'लाच नाही म्हटलं.

अजिनोमोटोचं प्रकरण त्यांना जास्त लागलं. बीदरपासून उदगीरपर्यंत गोबी मंचुरीच्या गाड्यांवर मामांनी या पांढऱ्या पुडीविरुद्ध मोठी मोहीम चालवलेली. "जनावराचं काहीतरी असतंय त्यात," हे त्यांचं ठाम मत. तोक्योत त्यांना कळलं, की १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या प्राध्यापकानं कोम्बू नावाच्या समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ती चव वेगळी काढली आणि पुढल्या वर्षी ती अजिनोमोटो म्हणून विकायला आली. म्हणजे जपानची जी एकच गोष्ट ठाणाकुशनूरपर्यंत चालत आली होती आणि जिच्यात मासा नव्हता, तिलाच मामांनी वेशीवर अडवून धरलं होतं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरी बी नक्कोच. गाड्यावरलं तेल चांगलं नसतंय."

या 'नक्को'ला जपानीत सख्खा भाऊ निघाला. नम्रपणे "राहू द्या" म्हणायचं तर जपानी माणूस म्हणतो, "केक्को देसु." मामा हरखले. पण केक्को म्हणजे "राहू द्या" आणि केक्को म्हणजे "उत्तम" सुद्धा. कोणतं ते हातावरून आणि चेहऱ्यावरून ओळखायचं. मामांचा चेहरा नाकारतानाच सगळ्यांत प्रसन्न असतो. त्यामुळं चहाच्या एका दुकानात त्यांनी जितक्या वेळा केक्को म्हटलं तितक्या वेळा कप भरला गेला.

फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात मात्र मामा खऱ्या अर्थानं रमले. १९५८ मध्ये ओसाकाकडं निघालेली ही युक्ती. गिऱ्हाइकानं बसून राहायचं, बशा समोरून फिरत येतात. आमच्या मंडपात नाकारायला वाढपी येईपर्यंत थांबावं लागतं. इथं दर क्षणाला नवा पदार्थ नाकारता येत होता आणि नाकारलेला पुन्हा फिरून येत होता, पुन्हा नाकारायला. मामांनी कोळंबीला हात आडवा धरला, अंड्याच्या वडीला धरला, मघाच्याच ओळखीच्या सॅल्मनला तर मानेनं वाटेला लावलं. शेवटी काकडीची गुंडाळी घेतली, आणि घरी जाताना लाल आझुकीच्या गोड सारणाचा दाइफुकु. त्याच्यावर शेरा मिळाला, "पुरण बरं हाय. जायफळ विसरले."

आठवडा उलटेपर्यंत आमच्या गल्लीत मामांना सगळे ओळखू लागले. तोफूवाली बाई लांबून हात करी. आम्ही इतकी वर्षं तिच्याकडून तोफू आणतो, पैसे देतो, खातो. ती सोयाबीनचं दूध कशानं विरजते हे आम्हाला माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं कडू पाणी, निगारी. खाणाऱ्या माणसाला काही विचारावं लागत नाही, तो तोंड उघडतो आणि त्याचं काम होतं. न खाणाऱ्याला मात्र पिकापासून पातेल्यापर्यंत सगळं विचारत जावं लागतं आणि विचारलं की समोरचा माणूस सांगत बसतो.

मग आम्ही त्यांना कोयासानला नेलं. ८१६ मध्ये कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांनी वसवलेला हा मठांचा डोंगर. देवळातच उतरायचं आणि भिक्षूंचं जेवण जेवायचं, शोजिन र्‍योरी. लाखेच्या लाल ताटात तिळाचं तोफू, वाळवलेलं कोयातोफू, रानभाज्या, लोणचं. मामांनी वही उघडली.

मांस? नाही. मासा? नाही. अंडं? नाही. दाशी? कोम्बूची आणि मशरूमची. मामांचा आवाज खाली येऊ लागला. कांदा? नाही. लसूण? तीही नाही.

वहीतली पानं संपली. मामांनी ताटाकडं पाहिलं. हात आडवा धरायला कारणच उरलं नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पिशवीतून लसणाच्या चटणीची बरणी काढली. तरुण भिक्षू लगबगीनं पुढं आला, गुडघ्यांवर बसला, लवला आणि हसतमुखानं, फार नम्रपणे, दोन्ही हात बरणीच्या आडवे धरले. पाच उग्र वासाच्या गोष्टी इथं चालत नाहीत, त्यांत लसूण आली.

मामांच्या समोर पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी आडवा हात धरला होता. त्यांनी बरणी मुकाट बंद केली आणि जेवले. सगळं जेवले. हात धुताना मला म्हणाले, "माणूस नेमाचा हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ओकुनोइनला गेलो. कोबो दाइशी ८३५ पासून तिथं समाधीत आहेत, गेलेले नाहीत, अशी श्रद्धा. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू त्यांचं जेवण लाकडी पेटीतून घेऊन जातात. वाटेत एका जिझोच्या देवळीपाशी थांबतात. हा जिझो चव पाहणारा. त्यानं पाहिल्यावरच ताट पुढं जातं. मामांना आळंदी आठवली, हात जोडले गेले. मग ते जिझोकडं टक लावून बघत राहिले. बाराशे वर्षांच्या आसपास चाललेली ही नोकरी, चौकशी करायची आणि पुढं पाठवायचं, ही आपल्याला कशी सुटली, असा तो चेहरा होता.

"ही जागा पंचायतीची का मठाची?" त्यांनी विचारलं.

आता मामा ठाणाकुशनूरला परतलेत. लग्नांत वाढप्याला कंबरेत लवून "केक्को देसु" म्हणतात आणि पोरं हसून लोळतात. परवा फोनवर कळलं, की नवी वही आणलीय आणि कोरियन भाषेचे धडे सुरू झालेत. तिकडं लोणच्यातसुद्धा मासा असतो, हे त्यांना कुठूनतरी समजलंय. मी कळवळून म्हणालो, "मामा, तिथं तर तुम्हाला खायला काहीच मिळणार नाही."

"खायला कोण जालालंय?" मामा म्हणाले. "इचारायला जालालो."