सिमांदूचा डोंगर

गिनी देशाच्या आग्नेय भागातील सिमांदू पर्वताच्या उदरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि 1997 साली रिओ टिंटो कंपनीस त्याच्या शोधाचा परवाना मिळाला तेव्हा एखाद्या भाबड्या जीवास आता कुदळ पडेल असे वाटलेही असेल. परंतु कुदळ ही अशा व्यवहारातील सर्वांत शेवटची वस्तू असते, हे ज्यांनी कधी सरकारी दफ्तर पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. 2008 साली अर्धा डोंगर कंपनीकडून काढून घेण्यात आला आणि त्याच डिसेंबरात, अध्यक्ष लान्साना कोंते यांच्या निधनास काही दिवस उरले असता, तो इस्रायली हिरेव्यापारी बेनी स्टाइनमेत्झ यांच्याशी निगडित कंपनीच्या पदरात पडला. 2010 साली ब्राझीलच्या वाले कंपनीने अडीच अब्ज डॉलरांच्या कराराने त्यात 51 टक्के हिस्सा घेतला, आणि 2014 साली सरकारने भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून ती सनदच रद्द केली. खनिजाचे एकही जहाज न भरता एवढी उलाढाल!

लायबेरियातून समुद्र जवळ. पण माल स्वतःच्याच भूमीवरून जावा हा गिनीचा आग्रह, म्हणून 600 किलोमीटरांहून लांब लोहमार्ग किनाऱ्यावरील मोरेबायापर्यंत अंथरला गेला. तेथे उथळ पाण्यातून बार्जींनी माल मोठ्या जहाजांकडे न्यावयाचा, हे मांडवीकाठच्या गोमंतकीयास नवे वाटू नये.

नोव्हेंबर 2025 मध्ये या साऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन थाटात झाले. डोंगराने मात्र या 28 वर्षांत एकदाही मुदतवाढीचा अर्ज केला नव्हता.