डबल डिग्रीचे बाबा

मुलगा एमएस करायला परदेशी गेलाय असा बाप पुण्यात दर दुसऱ्या जिन्यावर भेटतो. त्याचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. डबल डिग्रीचे बाबा मात्र निराळे. "मुलगा कुठे असतो?" या प्रश्नावर इतर बाप एका गावाचं नाव सांगून मोकळे होतात. हे बाबा चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात आणि विचारतात, "कोणत्या सेमिस्टरचं म्हणताय?"

पहिलं वर्ष स्टॉकहोमला केटीएचमध्ये, दुसरं इटलीत तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये, शेवटी दोन्हीकडची पदवी. विषय ऊर्जा अभियांत्रिकी. खरं तर संपलं इथं. पण बाबांना हे अर्ध्या तासाच्या आत कधीच आटोपलेलं नाही. आधी भेद समजावून द्यावा लागतो. "जॉइंट वेगळी, डबल वेगळी. जॉइंटला कागद एकच, त्यावर सगळ्या विद्यापीठांची नावं. डबलला दोन स्वतंत्र कागद!" मग युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस योजना. 2004 पासून चालू, शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 1,400 युरो. इथे आवाज जरा उतरतो, कारण ती चिरंजीवांना मिळालेली नाही. पण लगेच यूजीसी मदतीला येतं. "आपल्याकडेसुद्धा 2022 साली नियम झाले. ड्युअल डिग्रीत निदान तीस टक्के क्रेडिट इथल्या संस्थेत मिळवावे लागतात." ऐकणारा बिचारा दुधाची पिशवी आणायला निघालेला असतो.

केटीएच 1827 ची, तुरीनची संस्था 1859 ची, हे सांगून झालं की "आपलं सीओईपी 1854 चं, म्हणजे तुरीनला पाच वर्षं सीनियर" हे शेपूट जोडल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मुलगा युरोपात शिकतोय याचा अभिमान एकीकडे आणि युरोप आपल्यापुढे काल जन्मला याचं समाधान दुसरीकडे. स्वीडननं 2011 साली युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, हे तर ते घरच्या वाटणीत अन्याय झाल्यासारखं सांगतात. "त्याआधी फुकट होतं हो! आमचेच चिरंजीव उशिरा जन्मले."

नातेवाइकांत वेगळीच अडचण. नागपूरच्या आत्या फोनवर म्हणाल्या, "पॉलिटेक्निक? अरे, बीई झाल्यावर कुणी डिप्लोमा करतं का?" त्या दिवसापासून बाबा आत्यांशी बोलताना इटलीचा विषय काढत नाहीत, आत्यांपुरता मुलगा दोन्ही वर्षं स्वीडनमध्ये आहे.

दिवाणखान्यात त्यांनी दोन घड्याळं लावली, एकाखाली 'स्टॉकहोम', दुसऱ्याखाली 'तुरीन'. दोन्हीकडे वेळ एकच असते हे खिळे ठोकून झाल्यावर लक्षात आलं. काढायला सांगितलं तर म्हणतात, "राहू द्या. एक बंद पडलं तर दुसरं आहे."

पण बाबांची खरी हुकमत गुणांवर. स्वीडनमध्ये ए ते एफ. इटलीत पेपर तीसपैकी, अठराला पास, शेवटची बेरीज एकशे दहापैकी. जर्मनीत एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. फ्रान्समध्ये वीसपैकी, पण सोळा पडले तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती. डेन्मार्कचा चिरंजीवांशी काडीचा संबंध नाही, तरी तो येतोच. "डेन्मार्कमध्ये सगळ्यात वर बारा आणि सगळ्यात खाली वजा तीन. वजा! शून्य मिळालेला मुलगासुद्धा तिथे कुणाच्या तरी पुढे असतो." हा सगळा डोलारा आजी एका प्रश्नात पाडतात, "ते असू दे रे, टक्के किती?" एकशे दहापैकी एकशे दहाच्याही वर 'ए लोदे' असा शेरा मिळू शकतो हे समजल्यावर तर त्यांचा इटलीवरचा विश्वासच उडाला.

बाबांनाही इटलीनं एकदा धक्का दिला. तिथे परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते, आणि मिळालेले गुण पसंत नसतील तर पुष्कळ ठिकाणी ते नाकारून पुन्हा बसता येतं. चिरंजीवांनी चोवीस नाकारले. "मिळालेले गुण परत करतात?" बाबा टेकडीवर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना विचारत होते. त्यांच्या पिढीत चाळीस मिळाले तर पेपर तपासणाऱ्याच्या नावानं नारळ फोडायची पद्धत होती.

तुरीन ज्यात येतं त्या पिएमोंते प्रांताची शिष्यवृत्ती घरचं उत्पन्न बघून देतात. त्यासाठी कुटुंबात माणसं किती, पगार किती, बँकेत किती, घर किती चौरस मीटरचं, सगळं कागदोपत्री लागतं, तेही इटालियनमध्ये. जो माणूस सख्ख्या भावाला पेन्शनचा आकडा सांगत नाही, त्यानं तो इटालियनमध्ये भाषांतर करून तुरीनला पाठवला. आता म्हणतात, "आमच्या कोथरूडच्या टू बीएचकेची नोंद इटलीच्या दफ्तरी आहे."

टेकडीवरच्या मंडळींत एमएसईबीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आहेत. त्यांनी दुखरी नस बरोबर पकडली. "साध्या मास्टर्सला क्रेडिट किती?" "एकशे वीस." "आणि डबलला?" "एकशे वीस." "प्रबंध?" "एकच. पण मार्गदर्शक दोन!" "म्हणजे काम एकाचं, पदव्या दोन." बाबा त्या दिवशी टेकडीवरच्या चौथऱ्यापर्यंत न जाता परतले. दुसऱ्या दिवशी तयारी करून आले. टाइम नावाचं विद्यापीठांचं जाळं आहे, पॅरिसच्या एकोल सेंत्रालच्या पुढाकारानं 1989 साली उभं राहिलं, तिथल्या दुहेरी पदवीला नेहमीपेक्षा एखादं वर्ष जास्त द्यावं लागतं, असं बजावून सांगितलं. आपला मुलगा त्या जाळ्यातून गेलेला नाही, हे इंजिनिअरसाहेबांनी विचारलं नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत.

मला विचाराल तर इंजिनिअरसाहेबांचा हिशोब कागदावर बरोबर, पण अपुरा. पहिल्या वर्षी पोरगा डिसेंबरात दुपारी तीनच्या आत मावळणाऱ्या सूर्याची सवय करतो, 'फिका' म्हणजे कॉफीला बोलावलं की जायचंच असतं हे शिकतो, चार दोस्त जोडतो. तेवढ्यात उन्हाळा येतो आणि बॅग भरावी लागते. तुरीनला पुन्हा खोली शोधा, पुन्हा परवान्याची रांग, पुन्हा शून्यापासून भाषा. हे क्रेडिट कुठल्याच गुणपत्रिकेत चढत नाहीत. चिरंजीव फोनवर त्यातलं काही सांगत नाहीत. ते फक्त "हो बाबा" म्हणतात. तेवढ्या दोन शब्दांवर बाबांचं एक व्याख्यान निघतं.

पदवी मिळाल्याचा फोटो परवा आला. तिथल्या रिवाजाप्रमाणे चिरंजीवांच्या डोक्यावर हिरव्या पानांचं कडं. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "अहो, यानं तिकडे लग्न तर नाही ना उरकलं?" बाबांनी समजावलं, की ही लॉरेलची पानं, पदवीची, मुंडावळ्या नव्हेत. त्याच ओघात त्यांना कुठूनसं कळलं की इटलीत मास्टर्स झालेल्या माणसाला रीतसर 'दोत्तोरे' म्हणतात.

तेव्हापासून ते पाटी रंगवणाऱ्याच्या शोधात आहेत. 'डॉ.' एकदा लिहायचं की दोनदा, एवढंच ठरायचं आहे.