नाकासमोर चालणाऱ्यांचं छत

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर माणसं कशाला जातात हे मी सांगायला नको. समुद्र, ऊन, आणि दुसऱ्यांनी किती कमी कपडे घातलेत ते न बघितल्यासारखं करत बघणं. आमच्या प्रवासाचा कार्यक्रम मात्र नवरा आखतो, आणि ज्या गावात एकही पडकी भिंत नाही ते गाव त्याच्या लेखी गावच नव्हे. त्यामुळे कान आणि सँ-त्रोपेच्या मधोमध असूनही आम्ही समुद्राकडे पाठ करून फ्रेज्यूसच्या जुन्या गल्ल्या चढत होतो.

"रोमन लोकांच्या वेळी इथं मोठं बंदर होतं, ताई," नवरा सांगत होता. "ज्युलियस सीझरच्या नावाचं गाव आहे हे. मग गाळ साचत गेला आणि समुद्र लांब गेला."

"कंटाळला असेल तोही," वन्सं म्हणाल्या.

वन्संना घेऊन युरोप बघायला एक वेगळीच मजा आहे. त्या कशानेही भारावत नाहीत. सँ-लेओन्स कॅथीड्रलला लागूनच पाचव्या शतकातलं अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे, फ्रान्समधल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याला दोन दारं: बाप्तिस्म्याला येणाऱ्याने बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं आणि पवित्र होऊन उंच दारातून ताठ मानेने बाहेर पडायचं. "आमच्याकडे लग्नानंतर याच्या बरोबर उलटं होतं," एवढं बोलून वन्सं पुढे गेल्या. कॅथीड्रलचे 1530 सालचे अक्रोडाच्या लाकडावर कोरलेले दरवाजे झाकून ठेवलेले असतात, गाईडबरोबर गेलात तरच बघायला मिळतात. आम्ही गाईडशिवाय होतो. झाकण बघून झालं.

मग आम्ही क्लॉइस्टरमध्ये आलो. मधे मोकळा चौक, चौकात विहीर, चारी बाजूंना ओवऱ्या आणि संगमरवरी जोडखांबांवर पेललेल्या टोकदार गॉथिक कमानी. चौसोपी वाडाच म्हणा, फक्त पापड वाळत घातलेले नाहीत. तेराव्या शतकात कॅथीड्रलच्या धर्मगुरूंसाठी, म्हणजे कॅनन मंडळींसाठी, तो बांधला. ही मंडळी इथे फिरत, प्रार्थना पुटपुटत, मनन करत. अशा जागी आपोआप आवाज खाली येतो आणि चेहरा सुतकी होतो. आमचे तिघांचेही झाले. एक जर्मन कुटुंब तर आमच्याहून सुतकी चेहऱ्याने फिरत होतं.

तेवढ्यात वन्संनी वर बघितलं.

"अगं, हा बघ कोण!"

ओवरीला लाकडी छत आहे. तुळयांच्या मधल्या छोट्या छोट्या फळ्या चौदाव्या शतकात रंगवलेल्या आहेत. मुळात सुमारे 1200 होत्या, आज त्यातल्या तीनेकशे ओळखू येतात. आता देवाच्या दारातलं छत म्हटल्यावर संत, देवदूत, फार तर एखादं कोकरू असेल असं आपण धरून चालतो. तशी धर्मातली माणसं आहेतही तिथे. पण त्यांच्या शेजारीपाजारी जी वस्ती आहे ती बघावी! अर्धी बाई अर्धी मासोळी. ड्रॅगन. कुठल्या प्राण्याचं धड कुणाच्या डोक्याला लावलंय याचा मेळच नाही. एका फळीवर चांगलं टोपीबिपी घातलेलं गंभीर डोकं, आणि मानेखाली पोटबिट काही नाही, थेट दोन पाय आणि शेपूट. चेहऱ्यावर भाव असा, की मीटिंगला उशीर होतोय.

ही चित्रं काढणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं. खाली चालणारी माणसं नाकासमोर चालणारी, नजर पोथीत नाही तर पायाशी. हे त्याने नेमकं हेरलं आणि सगळा वात्रटपणा त्यांच्या टाळूच्या वर नेऊन मांडला. शिवाय काळ बघा. 1348च्या आसपास प्लेगने हा सगळा मुलूख झोडपून काढला होता, आणि हे छत रंगलं ते साधारण त्यानंतरच्या वर्षांत. जे वाचले त्यांनी शेपटीवाला टोपीकर काढला. इथला एक बिशप 1316 मध्ये पोप झाला, जॉन बाविसावा. पण तो छत रंगायच्या कितीतरी आधी गाव सोडून गेला होता, हे चित्रकाराचं नशीब. नाहीतर वर साहेबांकडून मजकूर तपासून आला असता आणि आपल्या वाट्याला 1200 कोकरं आली असती.

मान वर करून बघण्याला मर्यादा असते. नवऱ्याने यावर आधुनिक तोडगा काढला. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन पोटाशी आडवा धरला, की मान खाली घालून छत दिसतं. कल्पना उत्तम, फक्त पडद्यावर ड्रॅगनच्या खालोखाल नवऱ्याच्या हनुवटीचा खालचा भाग आणि दोन नाकपुड्याही दिसत होत्या. फोन चेहरे ओळखून भोवती पिवळा चौकोन काढतो. चौकोन आधी नवऱ्याभोवती होता, मग थरथरला, सरकला आणि शेपटीवाल्या टोपीकरावर जाऊन स्थिरावला.

"त्यालासुद्धा माणूस कोण ते कळतं," वन्सं म्हणाल्या. इतक्या मोठ्याने हसलो आम्ही, की जर्मन कुटुंबातल्या आजोबांनी वळून बघितलं. वन्संनी त्यांना बोटाने वर दाखवलं. त्यांनी वर बघितलं, मग आजींना हाक मारली, आणि थोड्याच वेळात चार जर्मन पोटाशी फोन धरून ओवरीतून हळूहळू सरकू लागले. मननात गढलेले वाटत होते.

बाहेर पडेपर्यंत नवऱ्याची मान आखडली होती. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात त्याने आपलं शाळकरी फ्रेंच जुळवायला घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी त्याला दुसऱ्या शब्दावरच थांबवलं, स्वतःची मान मागे टाकून छताकडे बघितल्याचा अभिनय केला आणि भुवया उंचावल्या. नवऱ्याने मान हलवायचा प्रयत्न केला. बाईंनी मागे न बघता हात लांबवून मलमाची ट्यूब काढली. हाताला सवय होती.

पावती वन्संनी वाचली. "तिकिटापेक्षा मलम महाग आहे रे. हा धंदा कॅथीड्रलवाल्यांनीच का नाही काढला?"