शांतताकाका

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, गोकुलम अशा गर्द झाडांच्या वस्त्यांत एखाद्या फाटकावर 'निःशब्द' अशी देवनागरी पाटी दिसली, की खुशाल समजावं, इथं शांतताकाका राहतात. पाटी दिसली नाही तरी अडत नाही. दोन घरं अलीकडूनच त्यांचा आवाज येतो.

शांतताकाका पुण्याचे असतात, ठाण्याचेही असतात. पण अस्सल वाण दादरचं. जन्म गेला रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत. खाली बसचे हॉर्न, समोर इमारतीचा पुनर्विकास, गोपाळकाल्याला डीजे, गणपतीत ढोल, नवरात्रात गरबा, आणि जो काही काळ उरेल त्यात निवडणुका. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काकांना भीमरूपीसारखे पाठ. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. रात्री दहा वाजून एक मिनिटाला ते पोलिसांना फोन लावत. ऑफिसच्या निरोपसमारंभात 'आता मला फक्त नारळाची झाडं, पावसाची सर आणि मौन हवं' असं ते म्हणाले, आणि हे तीन मुद्दे विस्ताराने मांडायला त्यांनी पाऊण तास घेतला.

ही नारळाची झाडं प्रवासकंपनीच्या कॅलेंडरवरची. दोन माड, मध्ये जाळीचा झोपाळा, त्यात तोंडावर टोपी घेतलेला सुखी जीव. "बाबा, मुंबईसुद्धा उष्ण कटिबंधातच येते," असं मुलाने सांगून पाहिलं. "कटिबंध आहे रे, निर्बंध कुठे आहेत?" असं म्हणून काकांनी भूगोल निकालात काढला. मग जागा पाहणं सुरू झालं. गोवा बाद, कारण तिथे पार्ट्या. कोकण बाद, कारण तिथे भाऊबंद. केरळ भाषेपायी गेलं. राहिलं म्हैसूर. इथली भाषाही काकांना येत नव्हती. पण तोवर ते दमले होते. शिवाय गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंच, हवा बेताची, रस्ते रुंद, देशातलं स्वच्छ शहर म्हणून नाव झालेलं, आणि मुख्य म्हणजे दादरहून निघणारी शरावती एक्स्प्रेस थेट इथवर येते. जगापासून लांब जायचं तरी मधे गाडी बदलायला लागू नये, हा काकांचा दंडक. दादरच्या दोन खोल्या विकल्या, त्यात इथे चार खोल्या, अंगण आणि तीन माड आले.

झोपाळा पहिल्याच आठवड्यात लागला आणि पहिल्याच आठवड्यात निघाला. माडाला नारळ लागतात आणि ते पडतात, ही बाब कॅलेंडरवाल्यांनी कळवली नव्हती. मग कोकिळेची पाळी आली. पहाटे साडेचारला ती सुरू झाली, की काका फोनवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप खिडकीबाहेर धरतात. ४५ ची मर्यादा ती रोज मोडते. तक्रार महापालिकेकडे करायची की वनखात्याकडे, एवढंच ठरायचं राहिलंय.

कन्नडमधलं एकच वाक्य काकांनी शिकून घेतलं आहे: 'सद्दु माडबेडि', आवाज करू नका. फाटकात उभं राहून ते भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि शाळेच्या व्हॅनला हे इतक्या जोरात ऐकवतात, की व्हॅनमधली मुलं आता त्यांना बघितलं की तालासुरात तेच म्हणतात. समोरचे निवृत्त प्राध्यापक गॅलरीतून हात हलवून 'परवागिल्ला सार', असू दे, असं म्हणतात. म्हैसूरचा माणूस त्याहून जास्त रागावत नाही.

याच प्राध्यापकांनी एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं, की १९३५ साली एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी म्हैसुरात आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र चालवलं. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचं, तेच पुढे देशभर गेलं. काका खुर्चीत मागे कलंडले. "म्हणजे शेजारच्याचा रेडिओ इथूनच सुरू झाला म्हणा की!"

म्हैसुरात काकांना मनापासून आवडलेली वस्तू एकच, चामुंडी टेकडीवरचा नंदी. हजारभर पायऱ्यांच्या वाटेवर सतराव्या शतकापासून बसून आहे. "एवढा थोरला बैल, गळ्यात घंटांच्या माळा, आणि सगळ्या घंटा दगडी! याला म्हणतात नागरी भान!" हे ते नंदीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगतात. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर सत्त्याण्णव हजारांच्या आसपास दिवे लागतात, तेव्हाही काका पाहुण्यांना घेऊन हजर. "बघा, इतके दिवे, पण एकाचा तरी आवाज?" इथून सुरू होऊन गाडी दिवाण टी. आनंदरावांवर येते. तंजावरचे मराठी, १९०९ ते १९१२ इथले दिवाण, हा राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीत पुरा झाला, म्हणजे बघा, आपल्या माणसांनी... तोवर दिवे मालवलेले असतात.

सकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर फेरी. पाण्यात झोळीवाले पेलिकन एक शब्द न बोलता मासे धरत असतात. काठावर काका निसर्गातल्या मौनाबद्दल बोलत असतात. ऐकणारा फेरी अर्धवट सोडून घरी गेला, की काका पुढच्याला गाठतात.

त्यांचा खरा राग बेंगळुरूवाल्यांवर. २०२३ मध्ये ११८ किलोमीटरचा द्रुतगती रस्ता झाला, आणि शनिवार-रविवारी गाड्याच्या गाड्या येऊ लागल्या. "ही माणसं शांतता शोधत येतात आणि आमचीच घालवतात!" काका फाटकातून गरजतात. समोर प्राध्यापक हात हलवतात. दसऱ्यात तर पाहायलाच नको. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी हत्तीवर चढण्याआधीच काका शरावतीत चढतात आणि आवाज टाळायला दादरला मुलाकडे जातात. ऐन नवरात्रात.

काकूंचं मात्र म्हैसुरात छान जमलं. देवराज मार्केटात त्या मल्लिगेचा भाव कन्नडमध्ये पाडतात, भिशीला जातात, शेजारच्या अज्जींकडून बिसिबेळे भात शिकून आल्यात. आमच्या बायकोने एकदा सहज विचारलं, "दादरची आठवण येते का हो?"

"येते ना," काकू म्हणाल्या. "तिथे बरं होतं. यांचं बोलणं ऐकू यायचं नाही."

मला तेव्हा कुठे काकांच्या तक्रारीचं मूळ सापडलं. दादरच्या गोंगाटाने त्यांची झोप मोडत असेल. पण त्याहून मोठा अपराध म्हणजे तो त्यांच्या आवाजाच्या वर जात होता. भाषणाला उभ्या राहिलेल्या माणसाला सभागृहात लागते तसली शांतता काकांना हवी होती, आणि गरीब बिचाऱ्या म्हैसूरने ती मुकाट्याने दिली.

परवा एका एजंटाने त्यांना कोडगूत जमीन दाखवली. कॉफीचा मळा, मिरीचे वेल, धो धो पाऊस, हाकेच्या अंतरात माणूस नाही, मोबाईलला रेंज नाही. काका संध्याकाळी परतले ते विचारात पडूनच.

"जागा फर्स्टक्लास," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे. तिथे किती शांत आहे हे सांगायचं कुणाला?"

"अहो, तुम्ही घेऊन टाका," काकू आतून म्हणाल्या. "मी इथेच राहते."