एकडोळ्या निरीक्षकाचा दौरा

आगगाडीच्या प्रतिकृतींचा छंद जडलेला मनुष्य आपल्या दिवाणखान्यातील मुलुखाकडे सदैव वरून पाहतो; आणि वरून पाहणाऱ्याला, मग तो सुभेदार असो वा खातेप्रमुख, आपला अंमल निर्दोषच दिसत असतो. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाच्या, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर वसलेले माझे संस्थान याच न्यायाने सुखात नांदत होते, तोच एका स्वस्त बिनतारी कॅमेऱ्याची तेथे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

गाडीच्या तोंडाशी कॅमेरा बसवण्याची युक्ती जुनीच आहे. १८९७ साली अमेरिकेत हॅव्हरस्ट्रॉच्या बोगद्याचे तसे चित्रण झाले होते. इंजिन दिसत नाही, चालक दिसत नाही, नुसती दृष्टीच पुढे धावते आहे, असल्या त्या चित्रपटांना तिकडे ‘फँटम राइड’ म्हणत. माझा कॅमेरा बोराएवढा. परंतु त्याला लागणारी नऊ व्होल्टची बॅटरी त्याच्याहून इतकी स्थूल, की तिच्यासाठी एक उघडी वाघीण स्वतंत्र मुक्रर करावी लागली. साहेब पुढे आणि शिधासामुग्री मागे, ही दौऱ्याची सरकारी रीत आपोआपच पाळली गेली.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अहवाल येऊ लागला. मोटारीच्या ब्रशांतील ठिणग्यांमुळे त्यावर आडव्या रेघा उमटत, आणि कुटुंबाने मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत ठेवले, की त्या यंत्राची व कॅमेऱ्याची वहिवाट २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात असल्याकारणाने, माझ्या रणरणत्या दख्खनी प्रांतावर घनघोर हिमवृष्टी होई. दूध उतू जाण्याआधी बर्फ वितळे, आणि मग जे दिसे त्यापेक्षा बर्फ बरा वाटे. स्थानकाच्या मागील भिंतीला रंगच नव्हता. फलाटावर ताटकळलेल्या एका सद्गृहस्थाच्या बुटाला डिंकाची तार लोंबत होती. रुळावर बसलेली घरमाशी प्रमाणाच्या हिशेबाने करडाएवढी भरत होती. बोगद्याच्या मुखाशी आमचे मांजर निजले होते. तोच हिशेब त्याला लावल्यास ते रेल्वेच्या जवळजवळ दोन डब्यांइतके लांब ठरते, आणि एवढ्या विस्ताराच्या प्राण्यापुढे कोणत्याही खात्याची नोटीस चालत नाही. त्याने एक पापणी उचलली, पडदाभर एक पिवळा डोळा पसरला, एकडोळ्या निरीक्षकाला समदर्जाचा अधिकारी भेटला, आणि गाडी निमूटपणे मागे घेण्यात आली.

परतीच्या मार्गावर, दिवाणाखालच्या वळणात, कॅमेऱ्याशेजारी बांधलेल्या चिमुकल्या दिव्याच्या उजेडात काहीतरी चमकले.

“अहो, थांबवा!” दूध तसेच टाकून कुटुंब पडद्यासमोर आले. “ही माझी कुडी! कामवालीला काय काय बोलले मी हिच्यापायी.”

पंचनामा करून मुद्देमाल मालकिणीच्या स्वाधीन करण्यात आला. थोड्या वेळाने प्रश्न आला, “काय हो, मोठ्या कपाटाखालून जाते का तुमची गाडी?” लोहमार्गाच्या विस्ताराचा माझा अर्ज ‘घरात पाय ठेवायला जागा नाही’ या शेऱ्यानिशी कित्येक वर्षे दप्तरी पडून होता, तो त्याच रात्री मंजूर झाला, आणि मार्ग फ्रिजच्या मागूनही न्यावा, अशी अट त्यात वरिष्ठांनी स्वतः घातली.