एजीआयवर मत कसे द्यावे: नवशिक्यांसाठी

सक्त ताकीद आधी: व्याख्या विचारू नये. विचारलीत तर चर्चा पाच मिनिटांत आटोपते. एजीआय म्हणजे माणसाला जमते ते सगळे जमणारे यंत्र, एवढे मोघम ज्ञान पुरे.

कोणी खनपटीलाच बसले, तर माणूस पाहून व्याख्या काढावी. गुंतवणूकदाराला ओपनएआयची 2018 ची सनद ऐकवावी: आर्थिक मोल असलेल्या बहुतेक कामांत माणसाला मागे टाकणाऱ्या स्वायत्त यंत्रणा. (बिनपगारी घरकामाला यात मोल आहे का, हा विषय बायकोसमोर काढू नये.) प्राध्यापकाला गूगल डीपमाइंडच्या 2023 च्या निबंधातल्या पातळ्या सांगाव्यात, पातळ्या असल्या की हो किंवा नाही म्हणावे लागत नाही. व्यवहारी माणसाला ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकची कसोटी पटते: यंत्राने अनोळखी घरात शिरून कॉफी करून दाखवावी. बोर्नव्हिटाच्या बरणीत जिरे ठेवणाऱ्या आपल्या घरांत ती माणसांनाही जड जाते.

‘कधी येणार?’ याला बेधडक साल सांगावे. हर्बर्ट सायमन यांनी 1965 मध्ये लिहिले होते की, वीस वर्षांत यंत्रे माणसाचे कोणतेही काम करतील. तसे झाले नाही. पण मुदत संपायच्या आतच त्यांना ट्यूरिंग पुरस्कार (1975) आणि अर्थशास्त्राचे नोबेल (1978) मिळून गेले होते.

यंत्राने काही करून दाखवले, तर नाक मुरडावे. 1997 मध्ये कास्पारोव्ह बुद्धिबळात हरला, ती नुसती आकडेमोड. 2016 मध्ये ली सेडॉल ‘गो’मध्ये हरला, तो एकाच खेळापुरता. आता यंत्र निबंध लिहिते, ती घोकंपट्टी. हा शेवटचा आक्षेप मात्र खरेच वजनदार आहे. एआय संशोधक फ्रान्स्वा शोले यांनी 2019 मध्ये चौकटींची कोडी रचली ती याचसाठी: पाठ केलेले किती, यापेक्षा न पाहिलेले किती चटकन उमगते, ते मोजायला. या वादात मला पटलेला मुद्दा हा एवढाच.

हरायला लागलात, तर एआय संशोधक यान लकून यांचे मत फेकावे: माणसाची बुद्धीसुद्धा सर्वव्यापी नाही. समोरचा गप्प होतो.

पंच व्हायच्या फंदात पडू नये. त्या जागेसाठी करार होऊन गेला आहे. ओपनएआयच्या तंत्रावरचे मायक्रोसॉफ्टचे काही हक्क एजीआयच्या घोषणेशी बांधलेले होते. म्हणून ऑक्टोबर 2025 च्या करारात ठरले की, ओपनएआयने तशी घोषणा केली तर स्वतंत्र तज्ज्ञांची समिती ती पडताळील. तेव्हा ‘एजीआय आले’ असे कानावर पडले, तर विज्ञानाची पुरवणी बाजूला ठेवा आणि आधी अर्थवृत्ताचे पान उघडा.